कॅश

कॅश : रोकड, हातातील नाणी व नोटा या अर्थाचा इंग्रजी शब्द. मराठी बोलण्यात तो ‘रोख’च्या जोडीने सर्रास येतो. इंग्रजीत याच रूपाचे दोन वेगळे शब्द असून त्यांची गल्लत जुन्या लेखनात वारंवार आढळते.

प्रचलित ‘कॅश’ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला असावा. फ्रेंच ‘केस’ किंवा इटालियन ‘कास्सा’ (पेटी) हे त्याचे मूळ मानतात. दोहोंमागे लॅटिन ‘काप्सा’ आहे. आधी पैशाची पेटी आणि मग पेटीतला पैसा, असा अर्थ सरकला. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’मध्ये (सु. १५९९) पिस्टल हे पात्र निम या दुसऱ्या पात्राचे देणे ‘कॅश’मध्ये चुकते करण्याचे कबूल करते, तेव्हा पेटी मागे पडलेलीच दिसते.

दुसरा ‘कॅश’ हिंदी महासागराच्या व्यापारातला. दक्षिण भारतातील हलकी नाणी आणि चीनची चौकोनी भोकाची, दोरीत ओवायची नाणी यांना युरोपीय व्यापारी हे नाव देत. त्याचे मूळ तमिळ ‘कासु’. राजराज चोळाच्या तंजावर येथील शिलालेखांत हा शब्द आहे; तेथे मात्र ते हलके नाणे नव्हे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘काइशा’ केले व त्यावरून इंग्रजी रूप आले. पोर्तुगीजमध्ये ‘काइशा’ म्हणजे पेटीही, त्यामुळे गोंधळ वाढला. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) पोर्तुगीजांनी हा शब्द एखाद्या कोकणी रूपावरून उचलला असण्याची शक्यताही नमूद आहे, पण ते रूप त्यांना सापडले नव्हते. खुद्द ‘कासु’ संस्कृत ‘कर्ष’ (१६ माषांचे वजन) यापासून आला की तो द्राविडी आहे, याविषयी मतभेद आहेत. ‘कर्ष’वरून नाव पडलेल्या कार्षापण या प्राचीन भारतीय नाण्यांचा दूरवरचा प्रसार पाहता पहिले मत अधिक संभवनीय वाटते.

मद्रासच्या जुन्या हिशेबात ८० कॅशचा एक फनम व ४२ फनमांचा एक पॅगोडा (दोन्ही नाणी) होई. ईस्ट इंडिया कंपनीसाठी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या तांब्याच्या १० व २० कॅशच्या नाण्यांवर १८०८ हे साल आहे. ती घेऊन निघालेले ‘ॲडमिरल गार्डनर’ जहाज १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर बुडाले. त्यातून निघालेली नाणी आजही संग्राहकांकडे दिसतात. १८१८ मध्ये मद्रासेत रुपया प्रमाण ठरल्यावर हा हिशेब मागे पडला. मलयाळममध्ये ‘काश्’ आजही पैसा या अर्थाने चालतो.

प्रचलित ‘कॅश’च्या इंग्रजी वाक्प्रचारांपैकी ‘कॅश काउ’ म्हणजे फारशी नवी गुंतवणूक न मागता पैसा देत राहणारा धंदा. १९७० च्या दशकात बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या व्यवस्थापन-सल्लागार कंपनीच्या मांडणीमुळे तो व्यवस्थापनाच्या परिभाषेत रुळला. ‘कॅश इन’ म्हणजे संधीचा फायदा उठवणे. ‘चिप्स कॅश करणे’ म्हणजे मरणे. हा प्रयोग जुगाराच्या टेबलावरचा; चिप्स म्हणजे तेथे पैशाऐवजी वापरायच्या चकत्या. ‘कॅशियर’ हे नाम पेटीच्याच कुळातले आहे. सैन्यातून बडतर्फ करणे या अर्थाचे त्याच रूपाचे क्रियापद मात्र डचमधून आलेले, निराळे.