अपघातस्थळाची छायाचित्रे आणि रस्त्याकडेची सुरक्षितता (नाशिक परिसर)

गाडी रस्ता सोडून बाहेर गेल्यावर तिला काय आडवे आले, हे अपघातस्थळाच्या छायाचित्रांवरून तपासायची आणि त्यावरून रस्त्याची कड कमी घातक करायची अभ्यासपद्धती. धडक कोणाच्या चुकीने झाली हा पोलिसांच्या तपासाचा विषय. या अभ्यासाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : चूक कोणाचीही असो, तिची शिक्षा मृत्यू का ठरली? उत्तर बहुधा झाड, खांब, मोरीचा कठडा, उघडी विहीर किंवा क्रॅश बॅरिअरचे, म्हणजे रस्त्याकडेच्या पत्र्याच्या सुरक्षा कठड्याचे, टोक यांत सापडते.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक उदाहरण देवळा तालुक्यातील मेशी फाट्याचे आहे. 28 जानेवारी 2020 रोजी तेथे एसटी बस आणि रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहने रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. 25 हून अधिक माणसे गेली. विहिरीतून बस वर काढतानाची दृश्ये राज्यभर पाहिली गेली. अभ्यासकाला मात्र वेगळे चित्र हवे असते : डांबराच्या कडेपासून विहिरीच्या काठापर्यंतचे अंतर आणि मध्ये काय होते, काय नव्हते, हे दाखवणारे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात रस्त्याकडेच्या विहिरी नव्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी विहीर आधीची आणि रुंद झालेला रस्ता नंतरचा आहे.

या विचाराचे मूळ अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावर आहे. रस्त्याबाहेर गेलेल्या सुमारे 80 टक्के गाड्या 9 मीटरच्या आत सावरू शकतात, असे तेथील अनुभवावरून मांडले गेले आणि त्यातून ‘मोकळी कड’ (रस्त्यालगतचा अडथळे नसलेला पट्टा) व ‘क्षमाशील रस्ता’ या कल्पना रुजल्या. चालक चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा, एवढा त्यांचा अर्थ. भारतात इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची आयआरसी 119 ही मार्गदर्शिका सुरक्षा कठड्यांविषयी आहे.

छायाचित्रे कशी घ्यायची, यावर सगळे अवलंबून असते. घटनास्थळी पोचलेला प्रत्येक मोबाइल चेपलेल्या गाडीकडे वळतो आणि तिथेच चूक होते. सुरुवात मागून करावी. गाडी ज्या दिशेने आली त्या दिशेला दोनेकशे मीटर मागे जावे, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे 1.2 मीटरवरून, रस्ता टिपत पुढे यावे. मग चाकाने डांबर जिथे सोडले ती जागा, साइडपट्टीचा खचलेला भाग, मातीतला चाकाचा माग आणि शेवटी धडकेची वस्तू. प्रत्येक जवळच्या चित्रात मोजपट्टी हवी. डांबरावरच्या ब्रेकच्या खुणांवरून वेगाचा अंदाज येतो : कोरड्या रस्त्यावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड) 0.7 धरला, तर 20 मीटर घासत जाऊन थांबलेल्या गाडीचा वेग ताशी सुमारे 60 किमी. निघतो. रस्त्याचा पृष्ठभाग सपाट असेल आणि त्यावरील चार बिंदूंची परस्पर अंतरे मोजलेली असतील, तर एका चित्रातूनही खुणांचा नकाशा काढता येतो. कसारा घाटासारख्या चढ-उताराच्या, कललेल्या वळणांवर हे गणित फसते; तिथे एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी अनेक चित्रे घेऊन त्रिमितीय प्रतिकृती उभारावी लागते. इगतपुरीकडच्या पावसात डांबरावरच्या खुणा पटकन धुऊन जातात. ओल्या साइडपट्टीतला माग त्या मानाने टिकतो, म्हणून पावसाळ्यात आधी तोच टिपावा.

क्रॅश बॅरिअरचे छायाचित्र पुष्कळ बोलते. पत्रा केबिनमध्ये भाल्यासारखा घुसलेला दिसला, तर टोक उघडे सोडले होते. टोक जमिनीत वाकवून पुरलेले असेल, तर तेच उतरण बनून गाडीला वर चढवते आणि उलटवते. लाटांसारख्या घड्यांच्या पत्र्याचा कठडा साधारण 70 ते 75 सेंमी. उंच असतो. त्याच्या पायाशी डांबराचे थरावर थर चढत गेले की प्रत्यक्ष उंची घटते आणि जड वाहन वरून पलटी होते. कागदावर कठडा आहे, चित्रात तो पुरेसा उरलेला नाही. झाडांचेही तसेच. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर रुंदीकरणानंतर जुनी झाडे वाहतुकीच्या वाटेत उभी राहिली. अशा झाडाच्या बुंध्यावर वेगवेगळ्या उंचीवर साल सोललेली दिसली, तर ती एका अपघाताची खूण नसते. उपाय झाड तोडणे हाच, असे मात्र नाही. वेग आवरणे, आधी दिसणारे परावर्तक, झाडापुढे कठडा हेही उपाय आहेत.

आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी घडवलेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीकोशात पोलीस घटनास्थळावरूनच मोबाइलने नोंद आणि छायाचित्रे भरतात. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्यामुळे चित्राला जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात आणि ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवताना पंचनाम्यातील ‘अमुक फाट्याजवळ’वर विसंबावे लागत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 198 अ रस्त्याच्या सदोष रचनेची किंवा देखभालीची जबाबदारी संबंधित यंत्रणेवर, ठेकेदारावर वा सल्लागारावर ठेवते. कडेचे नीट मोजलेले चित्र तिथे फार मोलाचे ठरते.

मृतांचे चेहरे दाखवणारी चित्रे अभ्यासाला लागत नाहीत. ती गटागटांत फिरवणे क्रूर आहे. नातेवाइकांना घरचे माणूस गेल्याचे कधी कधी अशा चित्रातूनच कळते. अभ्याससंग्रहात चेहरे आणि वाहन क्रमांक पुसावेत.

या पद्धतीची मोठी मर्यादा संग्रहातच दडलेली असते. मोठा अपघात शंभर मोबाइलांनी टिपला जातो. कठड्याला घासून सावरलेली पिकअप कांदे घेऊन लासलगावच्या बाजार समितीत वेळेवर पोचते आणि तिचे चित्र कोणीच काढत नाही. म्हणून नुसता अपघातांचा संग्रह पाहिला, तर कठडे नेहमी अपयशीच ठरतात असे वाटू लागते. हा तोल साधायचा तर ठरावीक काळाने तोच रस्ता पायी चालून कठड्यांवरचे रंगाचे ओरखडे, वाकलेले खांब आणि महिनोन्‌महिने न बुजवलेल्या फटी यांचीही छायाचित्रे, किलोमीटरच्या दगडाच्या नोंदीसह, घ्यावी लागतात.