स्पिअरगन : प्रकार व निवड

स्पिअरगन : पाण्याखाली माशावर पोलादी सळी सोडण्याचे, हात लांब करून धरायचे शिकारीचे साधन. या सळीला शाफ्ट म्हणतात. यात दारू वा काडतूस नसते; ताणलेले रबर किंवा दाबलेली हवा सळीला गती देते. खरेदी करणारा बहुधा या दोन्हींपैकी कोणती जोरकस एवढेच विचारतो. वस्तुतः लांबीचा प्रश्न त्याआधीचा आहे आणि तो पाण्याच्या नितळपणावर ठरतो.

उगमाबाबत एकमत नाही. 1930 नंतरच्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर ही शिकार छंद म्हणून रुजली, एवढे निर्विवाद. अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक तेथे वैमानिकाच्या चष्म्याच्या फटी पुट्टीने बुजवून पाण्यात उतरे. त्याच्या हाती साधा भाला असे. स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकीचे श्रेय नीस येथील रशियन निर्वासित क्रामारेंको याला देतात. काही जण मॅक्सिम फोर्जो याचे नाव पुढे करतात. दोघांचा काळ 1937–38 च्या आसपासचा असल्याने पौर्वापर्याचा वाद फारसा फलदायी नाही. रबरी बंदुकीबद्दलचा वाद अधिक महत्त्वाचा, कारण आजची बहुतेक साधने तिचीच वंशज आहेत. मार्सेच्या झॉर्झ बूशा यांची ‘टार्झन’ सामान्यतः 1947 ची मानतात; त्याच शहरातील रने काव्हालेरो यांच्याकडेही हे श्रेय जाते. रचना एकट्याची न मानता त्या बंदरातील कारागिरांच्या चढाओढीतून घडली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

रबरी प्रकारात नळीच्या तोंडाशी लॅटेक्सचे पट्टे असतात. जाडी साधारण 14 ते 20 मिमी. दस्ता छातीला टेकवून दोन्ही हातांनी पट्टा मागे ओढायचा व त्याची दोरीची अडकण सळीच्या खाचेत बसवायची. सवय नसलेल्याला पहिल्या दिवशी बरगड्या दुखतात. रचना उघडी असल्याने बिघाड डोळ्यांना दिसतो. पट्टा उन्हाने चिरला तर तोच तेवढा बदलता येतो. हवेच्या बंदुकीत हातपंपाने सुमारे 20 बार दाब भरून ठेवतात आणि सळी तोंडाकडून आत दाबून बसवतात. आखूड लांबीतही जोर चांगला मिळतो, म्हणून कपारीत दडणाऱ्या माशांसाठी ती पसंत केली जाते. मात्र तिची नळी जाड, त्यामुळे आडवी फिरवताना पाणी अडवते. आतले सील गेले तर किनाऱ्यावर दुरुस्ती जमेलच असे नाही. रोलर बंदुकीत पट्टा तोंडाशी असलेल्या चाकावरून नळीखाली वळतो व नळीच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर ओढ देतो; धक्का कमी बसतो, भरणे किचकट. खोल समुद्रातील मोठ्या माशांसाठीच्या अमेरिकन बंदुका लाकडी असतात, त्यांत सागाला मान आहे.

नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतात : 75, 90, 110 इत्यादी. जितके दिसते त्याहून दूर मारणारी बंदूक निरुपयोगी, शिवाय सोबत्याला धोक्याची. गढूळ पाण्यात 75 वा त्याहून आखूड, मध्यम नितळ पाण्यात 90, प्रवाळांच्या स्वच्छ पाण्यात 110 व पुढे, असा ढोबळ संकेत आहे. सपाट काचेच्या मुखवट्यातून वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ व एक तृतीयांश मोठी भासते. नवशिका घाईने सळी सोडतो आणि ती आखूड पडते. असे झाले की तो दोष बंदुकीला देऊन आणखी लांब बंदूक घेतो, हा नेहमीचा अनुभव.

बडोद्याच्या वाचकाला हा संकेत विशेष लागू पडतो. जवळचे खंभातचे आखात प्रचंड भरती-ओहोटीने सतत ढवळलेले. तेथे हात लांब केला तरी बोटे दिसणे कठीण. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत तर गढूळपणाखेरीज मगरीही आहेत. जुन्या बडोदे संस्थानाचा ओखामंडळचा किनारा सागरी जीवांनी समृद्ध. ब्रिटिश सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी संस्थानासाठी त्यावर 1909 व 1916 मध्ये अहवाल सिद्ध केले. परंतु त्याला लागून असलेल्या कच्छच्या आखाताचा मोठा पट्टा आज सागरी अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानात (1980–82) मोडतो आणि तेथे शिकार वर्ज्य आहे. त्यामुळे येथून परदेशी जाणाऱ्यांनी बंदूक तेथले पाणी पाहूनच घ्यावी. बडोद्यातील लालबागच्या तरणतलावात श्वास रोखण्याचा सराव होतो, अंतराचा अंदाज येत नाही.

नियम देशागणिक भिन्न आहेत. फ्रान्स व इटलीत श्वसनयंत्र लावून ही शिकार करण्यास मनाई आहे. फ्रान्समध्ये भरलेली बंदूक पाण्याबाहेर धरणेही निषिद्ध. भारतात वन्यजीव कायद्याने देवमाशासारखा अवाढव्य व्हेल शार्क 2001 पासून संरक्षित आहे.