हनुकाचा खिडकीतला दिवा

हनुका या ज्यू सणात आठ संध्याकाळी लावायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा ठेवायचा दिवा. इ.स.पू. 164 च्या सुमारास मक्काबी या ज्यू बंडखोरांनी ग्रीक-सिरियन सत्तेकडून जेरूसलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले, त्याची ही आठवण. ज्या दीपदानीत तो लावतात तिला हनुक्किया म्हणतात. मंदिरातल्या दीपदानीला सात शाखा होत्या. हनुक्कियेत आठ ज्योती आणि नववा ‘शामाश’, म्हणजे सेवक दिवा, असतो. हा दिवा घरच्यांच्या उजेडासाठी नसतो, तो इतरांना दिसावा हाच त्याचा धर्म. त्यामुळे ज्यूद्वेषाला उत्तर देण्याची वेळ आली की बोलणे अनेकदा या दिव्यापाशी येते: तो कुठे ठेवायचा?

पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवत आठव्या रात्री आठ दिवे लावतात. शामाश धरून आठ दिवसांत 44 मेणबत्त्या लागतात आणि बाजारातल्या पेटीत तेवढ्याच असतात. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे खोचायच्या, पण पेटवताना सर्वांत नव्या, म्हणजे डावीकडच्या मेणबत्तीपासून सुरुवात करायची. पवित्र ज्योतींच्या उजेडात वाचणे किंवा काम करणे वर्ज्य आहे. चुकून तसे झालेच तर तो उजेड शामाशाचा धरता यावा, म्हणून शामाश जरा उंचावर किंवा बाजूला बसवतात. ज्योती एका रेषेत आणि सुट्या हव्यात. दोन जवळ येऊन मशालीसारख्या एक झाल्या तर त्या मोजल्या जात नाहीत. तेल ऑलिव्हचे असेल तर उत्तम. अंधार पडल्यावर दिवा निदान अर्धा तास तेवला पाहिजे. शुक्रवारी सर्वांत जास्त चुका होतात. त्या दिवशी तो शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांआधी, सूर्यास्तापूर्वीच लावावा लागतो, आणि पेटीतली बारीक मेणबत्ती अंधार पडेपर्यंत विझून जाते. म्हणून शुक्रवारी जाड मेणबत्ती किंवा दीड तास पुरेल एवढे तेल घ्यावे. खिडकीत ठेवताना पडदा काढून टाकावा आणि खाली धातूचे ताट ठेवावे.

जागेचा नियम तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातला आहे. दिवा घराच्या दाराबाहेर ठेवावा. माडीवर राहणाऱ्याने रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. संकटकाळी घरातल्या मेजावर ठेवला तरी चालतो. दारात तो मेझुझाच्या, म्हणजे चौकटीवर लावलेल्या धर्मवचनाच्या डबीच्या, समोर, डाव्या हाताला येतो आणि शक्यतो 80 सेंटिमीटरपेक्षा खाली असतो. रस्त्यापासून वीस हातांहून उंच खिडकी उपयोगाची नाही, कारण तिथवर कोणाची नजर जात नाही. जेरूसलेमच्या जुन्या वस्त्यांत दाराबाहेर काचेच्या पेट्या दिसतात, त्या वाऱ्यापासून दिवा राखण्यासाठी. दार, खिडकी, मेज या तीन पायऱ्यांवरून एखाद्या काळात ज्यू किती निर्धास्त होते ते कळते. मेजावरचा दिवा भित्रेपणाचा नाही, धर्मानेच ती मुभा दिली आहे. घरच्यांनी ती घ्यायची की नाही, हे बाहेरच्या कोणी ठरवू नये. विजेच्या दिव्याने विधी पुरा होतो असे बहुतेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मानत नाहीत. म्हणून काही घरे विजेचा दिवा खिडकीत आणि खरा मेजावर ठेवतात.

खिडकीतल्या दिव्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र जर्मनीतल्या कीलचे आहे. 1931 च्या हनुकात रब्बी अकिवा पोस्नर यांच्या पत्नी राहेल यांनी ते टिपले. अलीकडे खिडकीच्या कठड्यावर पितळी हनुक्किया आणि पलीकडे, रस्त्यासमोरच्या इमारतीवर, नाझी झेंडा. छायाचित्रामागे त्यांनी जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा: झेंडा म्हणतो ज्यू मरो, दिवा उत्तर देतो ज्यू चिरंजीव. पोस्नर कुटुंबाने 1933 मध्ये जर्मनी सोडली, म्हणून ते वाचले. दिवा लावणे आणि वेळीच निघणे, दोन्ही त्यांनी केले. पहिल्याचे कौतुक करताना दुसरे विसरू नये. ती हनुक्किया आता जेरूसलेमच्या याद वाशेम या ज्यूसंहाराच्या स्मारक-संग्रहालयात असते, आणि दर हनुकाला वंशज ती घरी नेऊन लावतात.

शेजाऱ्यांनी काय करावे याचा धडा अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात मिळतो. तेव्हा वस्ती सुमारे 81 हजार, त्यात ज्यू कुटुंबे मूठभर. डिसेंबर 1993 मध्ये हनुक्कियेचे चित्र लावलेल्या एका खिडकीतून दगड आत आला. ती खोली लहान मुलाची होती. चित्र काढून टाका, असा सल्ला तिथे आलेल्या पोलिसाने दिला. आईला तो पटला नाही आणि तिने ते वर्तमानपत्राला सांगितले. मग चर्चमधल्या मुलांनी कागदी हनुक्किया रंगवल्या, स्थानिक दैनिकाने पानभर चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते काचेला चिकटवले. नाझींनी ज्यूंवर सक्तीचा केलेला पिवळा तारा डेन्मार्कच्या राजाने स्वतः लावल्याची गोष्ट तेव्हा प्रेरणा म्हणून सांगितली गेली. ती दंतकथा आहे, तिथल्या ज्यूंवर ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती. त्यानंतर काही बिगरज्यू घरांच्याही काचा फुटल्या. पाठिंब्याला अर्थ आला तो यामुळेच, कारण धोका सर्वांनी वाटून घेतला. चित्र मात्र तक्रारीची जागा घेत नाही. असे घडल्यास काचा झाडण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, दगडाला हात न लावता तो पोलिसांच्या स्वाधीन करावा आणि हेतू द्वेषाचा असल्याची नोंद लेखी करून घ्यावी. नोंद नसेल तर पुढचा हल्ला पुन्हा ‘पोरांचा खोडसाळपणा’ ठरतो.

चौकातले मोठे दिवे 1974 पासूनचे: अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेजवळ हबाद या कर्मठ ज्यू पंथाने पहिला लावला. त्याला विरोध ज्यू संघटनांमधूनही झाला. सरकारी जागेवर धर्मचिन्हे आली की अल्पसंख्याकांचेच नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पिट्सबर्गमधली ख्रिसमस वृक्षाशेजारची हनुक्किया वैध ठरवली, वाद मात्र मिटला नाही.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला हा सण मुळात माहीत नव्हता. आपले पूर्वज मंदिरशुद्धीच्या आधीच निघाले, असे ते सांगतात. घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा ‘शनिवार तेली’ समाज तेलाच्या दिव्यांचा सण बऱ्याच उशिरा शिकला. शेजाऱ्यांकडून त्यांना ज्यूद्वेषाचा त्रास जवळपास झालाच नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईच्या नरिमन हाऊस या हबाद पंथाच्या केंद्रावर झालेला हल्ला बाहेरून आलेल्यांचा होता. त्यात रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी वाचवला. केंद्र 2014 मध्ये त्याच इमारतीत पुन्हा उघडले, आणि मुंबईतली सार्वजनिक हनुक्किया गेटवे ऑफ इंडियापाशी, उघड्यावर लावली जाते.