दाणा उचलून नेणारा आणि तिथेच बसून खाणारा

सूर्यफुलाच्या बिया भरलेला फीडर इंग्लंडमधल्या एखाद्या बागेत टांगला, की त्यावर दोन स्वभावांचे पक्षी येतात. ग्रीनफिंच येतो तो ठाण मांडूनच बसतो. त्याची चोच जाड, शंकूच्या आकाराची. बी जिभेने टाळूच्या कडेला टेकवायची, खालच्या चोचीने दाबायची. टरफल बाहेर, गर आत. लगेच पुढची बी. ग्रेट टिटचं तसं नाही. आपल्याकडच्या रामगंगाचा हा युरोपातला भाऊबंद एकच बी उचलतो आणि झाडीत नाहीसा होतो. तिथे फांदीवर बी पायांखाली दाबून चोचीने ठोकून फोडतो, खातो आणि पुन्हा येतो. दर बीमागे एक फेरी.

चोच बारीक म्हणून बी ठोकावी लागते, हे खरं. पण ठोकायचीच तर फीडरवरच का नाही? शिवाय टिटच्या कुळातले पक्षी फोडावं न लागणारं खाणंही कधी उचलून नेतात, कधी जागेवर संपवतात. हे कधी आणि ते कधी, हा प्रश्न स्टीव्हन लीमा या अमेरिकी संशोधकाला पडला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात पक्षी होता चिकडी, म्हणजे टिटचाच अमेरिकेतला नातलग. लीमाने दोनच गोष्टी बदलल्या: खाण्याच्या तुकड्याचा आकार आणि फीडरपासून झाडीचं अंतर.

तुकडा लहान असेल तर तो क्षणात संपतो. तेवढ्यासाठी झाडीपर्यंत जाऊन येण्यात वेळ फुकट जातो. तुकडा मोठा असेल तर खाताना बराच वेळ मान खाली राहते, आणि उघड्यावर मान खाली म्हणजे ससाण्याला संधी. झाडी जवळ असेल तर फेरी स्वस्त पडते, लांब असेल तर महाग. चिकडी नेमक्या या हिशेबाने वागल्या. मोठे तुकडे जास्त वेळा उचलून नेले, आणि झाडी जवळ असताना हे प्रमाण वाढलं. भूक आणि भीती यांची तडजोड दहा-बारा ग्रॅमचा पक्षी दर घासाला करत असतो आणि ती आपल्याला उघड्या डोळ्यांनी पाहता येते. मला फीडरचं खरं मोल इथे दिसतं. पक्ष्यांची पोटं भरण्यापेक्षा त्यांचे निर्णय पाहण्याची ती जागा आहे.

फीडरवर कोण किती वेळा आलं हे डोळ्यांना मोजता येत नाही, कारण सगळे टिट सारखेच दिसतात. ऑक्सफर्डजवळच्या विथम जंगलात यावर तोडगा निघाला. पक्ष्यांच्या पायात बारीक चिप असलेली कडी घातली आणि फीडरला ती वाचणारा अँटेना बसवला. ल्युसी ॲप्लिन आणि सहकाऱ्यांनी तिथे सरकत्या दाराच्या पेट्या ठेवल्या, आत अळ्या. दार निळ्या बाजूने ढकलता येई आणि लाल बाजूनेही. जंगलाच्या काही भागांतून दोन-दोन नर पकडून आणले, त्यांना यांपैकी एकच बाजू शिकवली आणि परत सोडलं. तीन आठवड्यांच्या आत त्या भागांतले सरासरी तीन-चतुर्थांश पक्षी पेटी उघडायला शिकले, आणि बहुतेकांनी आपल्या भागातली रूढ बाजूच धरली. मधल्या काळात कितीतरी पक्षी मेले, नवे आले, तरी पुढच्या वर्षी रीत तीच राहिली. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पक्ष्यांमध्ये रीतिरिवाज असतात, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

फीडर पक्ष्यांचं नुसतं दर्शन घडवत नाही, त्यांना बदलतोही. मध्य युरोपातला ब्लॅककॅप हा छोटा गाणारा पक्षी हिवाळ्यात स्पेनच्या दिशेने जायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातले काही वायव्येला, ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. पीटर बर्थोल्ड आणि सहकाऱ्यांनी असे पक्षी पकडून पिंजऱ्यात त्यांची वीण केली. पिल्लांनी कधी प्रवास केलेला नव्हता, तरी स्थलांतराचे दिवस आल्यावर त्यांची धडपड आईबाप जायचे त्याच दिशेला होती. नवी वाट रक्तात उतरलेली होती. ब्रिटनमधला हिवाळा आता पूर्वीपेक्षा सौम्य असतो हे एक कारण, आणि बागांमधलं खाणं हे दुसरं.

याची काळी बाजूही आहे. २००५ पासून ब्रिटनमध्ये ग्रीनफिंचमध्ये ट्रायकोमोनास या परजीवीची साथ पसरली. आजारी पक्ष्याला गिळता येत नाही. त्याच्या लाळेने ओले झालेले दाणे दुसरा उचलतो. २००९ पर्यंत ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. साथीला वाव मिळतो तो फीडरवर ठाण मांडून खाण्याच्या सवयीने. जो जितका वेळ बसतो, तितका धोका अधिक. म्हणून फीडर नियमित धुणं, वाळवणं आणि आजारी पक्षी दिसला तर काही दिवस खाणं बंद ठेवणं, हे मला दाणे टाकण्याइतकंच आवश्यक वाटतं.

आपल्याकडे खिडकीत किंवा गॅलरीत मूठभर धान्य उघड्यावर टाकलं की पारवे येतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. त्यापेक्षा बारीक छिद्रांचा टांगता फीडर घ्यावा, त्यात राळे किंवा बाजरी भरावी. मनोली आणि चिमण्या त्यावर येऊ शकतात. पावसाळ्यात धान्य ओलसर होऊन बुरशी धरतं, तेव्हा थोडंथोडंच भरावं. बुलबुल आणि तांबटाला धान्याशी कर्तव्य नाही. त्यांच्यासाठी पपईची फोड ठेवावी. चिमणीच्या पिल्लांना मात्र किडे-अळ्याच लागतात आणि त्या धान्याच्या फीडरमधून मिळत नाहीत. त्यासाठी आजूबाजूला औषध न फवारलेली देशी झाडं हवीत.

लीमाचा प्रयोग घरीही करता येतो. बिनमिठाचे शेंगदाणे घ्या, काही अख्खे, काही भरडलेले. झाडाजवळ आणि झाडापासून लांब अशा दोन बशा ठेवा. कावळा, साळुंकी, खार यांतलं कोण कुठला तुकडा जागेवर संपवतं आणि कोणता उचलून नेतं, याची तारीख-वेळेसह नोंद ठेवा. शिक्रा हा शिकारी पक्षी आसपास फिरत असेल त्या दिवशीच्या नोंदी वेगळ्या काढा.