कप्तान जॉर्ज पोलार्ड : दोनदा बदललेला हुकूम

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यासमोरच्या नँटकेट बेटावर १७९१ साली जन्मलेला जॉर्ज पोलार्ड वयाच्या २८व्या वर्षी ‘एसेक्स’ या व्हेलशिकारीच्या जहाजाचा कप्तान झाला. जहाज सुमारे ८७ फुटांचं, जुनं, पण नशीबवान मानलेलं. त्यावर तो आधी फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी होता, कप्तानकीची मात्र ही पहिलीच खेप. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या चरबीचं तेल जहाजावरच मोठ्या कढयांत कढवून पिंपांत भरायचं, पिंपं भरली की घरी परतायचं. यात दोन-तीन वर्षं सहज जात.

१२ ऑगस्ट १८१९ला जहाज निघालं आणि दोनच दिवसांत एका वादळी झोताने आडवं झालं. शिडं वेळेत उतरवली नव्हती. शिकारीच्या दोन होड्या गेल्या, स्वयंपाकघर मोडलं. होड्या नसतील तर शिकारच नाही, म्हणून परत जाऊन दुरुस्ती करायची असं पोलार्डने ठरवलं. फर्स्ट मेट ओवेन चेस आणि सेकंड मेट मॅथ्यू जॉय यांनी विरोध केला आणि कप्तानाने हुकूम फिरवला.

२० नोव्हेंबर १८२०ला पॅसिफिकच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, पोलार्ड होडीतून शिकारीवर होता. चेस जहाजावर फुटलेली होडी ठोकत बसलेला. एका मोठ्या नर देवमाशाने जहाजाला डोक्याने दोन धडका दिल्या. दुसऱ्या धडकेत जहाजाचं पुढचं टोक फुटलं आणि पाणी भरू लागलं. जहाज कलंडल्यावर डोलकाठ्या तोडून, डेक फोडून मिळेल ते बाहेर काढलं. तीन होड्या, वीस माणसं. प्रत्येक होडीत सुमारे ९० किलो कडक बिस्किटं, २४५ लिटर पाणी आणि गॅलापागोसहून आणलेली दोन कासवं.

पोलार्डचं म्हणणं होतं, वारा पाठीवर घेऊन पश्चिमेला सोसायटी बेटांकडे जाऊ. मेट म्हणाले, तिकडे नरभक्षक आहेत. त्यापेक्षा दक्षिणेला उतरून पश्चिमेकडून येणारे वारे पकडू आणि दक्षिण अमेरिका गाठू. पोलार्ड पुन्हा नमला. त्याच सोसायटी बेटांपैकी ताहितीत तोवर वीसेक वर्षं मिशनरी राहत होते, हे त्या होड्यांत कोणाच्या गणतीत नव्हतं.

या होड्या लांबच्या प्रवासासाठी नव्हत्याच. झटपट वल्हवता याव्यात म्हणून देवदाराच्या पातळ फळ्यांच्या, सुमारे २५ फुटांच्या, तळाला खोल कणा नसलेल्या. काठ अर्धा फूट वाढवला, शिडं शिवली, तरी बाजूने वारा आला की होडी पुढे कमी आणि आडवी जास्त सरकायची. सांध्यांतून पाणी झिरपायचं. बिस्किटं खाऱ्या पाण्यात भिजली. ती वाळवली तरी मीठ आत राहिलं आणि ती खाल्ल्याने तहान वाढली. पाणी माणशी दिवसाला पाव लिटरहूनही कमी. सूर्याची उंची मोजायच्या क्वाड्रंट या साधनाने अक्षांश कळायचा, रेखांशाचा मात्र अंदाजच. म्हणूनच २० डिसेंबरला लागलेलं हेंडरसन बेट त्यांना डुसी हे दुसरंच बेट वाटलं. ओहोटीलाच उघडा पडणारा गोड्या पाण्याचा एक झरा तिथे मिळाला, पण आठवडाभरात पक्षी आणि अंडी संपत आली. तिघे मागे राहिले. वस्ती असलेलं पिटकेर्न बेट तिथून सुमारे २०० किलोमीटरवर होतं.

जानेवारीत होड्यांची चुकामूक झाली. भुकेने मेलेल्यांना खायची वेळ आली. नरभक्षकांच्या भीतीने वाट बदललेल्यांवर! फेब्रुवारीत पोलार्डच्या होडीत कोणाला मारून खायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा नाव निघालं ओवेन कॉफिनचं, पोलार्डच्या किशोरवयीन आतेभावाचं की मावसभावाचं, नातं कसंही असो, घरातल्याच मुलाचं. चार्ल्स रॅम्सडेलच्या वाट्याला गोळी झाडणं आलं. २३ फेब्रुवारी १८२१ला चिलीच्या किनाऱ्याजवळ ‘डॉफिन’ जहाजाने पोलार्ड आणि रॅम्सडेलला उचललं. चेसच्या होडीतले तिघे पाच दिवस आधी सापडले होते. हेंडरसनवरचे तिघेही सुटले. वीसपैकी आठ.

पोलार्डला लगेच दुसरं जहाज मिळालं, ‘टू ब्रदर्स’. ११ फेब्रुवारी १८२३च्या रात्री तेही हवाईच्या वायव्येला फ्रेंच फ्रिगेट शोल्सच्या प्रवाळावर आदळून फुटलं. सोबतच्या ‘मार्था’ जहाजाने माणसं वाचवली. नांगर आणि चरबी कढवायच्या कढया तिथेच राहिल्या. त्या २००८मध्ये पाणबुड्यांना दिसल्या.

आता आपल्याला कोणी व्हेलशिकारीचं जहाज देणार नाही, हे परततानाच पोलार्डने बोलून दाखवलं होतं. पुढे एक फेरी व्यापारी जहाजावर झाली. नंतर तो नँटकेटमध्ये रात्रीचा पहारेकरी झाला. तो १८७०मध्ये वारला.