मुलाला स्क्लेरोडर्मा आहे? दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज नेमका कुठे अडतो

लहान मुलांमधला स्क्लेरोडर्मा दुर्मीळ आहे. त्वचा कडक होत जाते, मूठ वळत नाही, कोपर किंवा गुडघा सरळ होत नाही. अशा मुलांचे पालक यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जातात आणि ‘हा आजार यादीत नाही’ एवढं ऐकून परत येतात. हे उत्तर अर्धवट आहे आणि खिडकीवर बसणाऱ्याने ते देऊ नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्क्लेरोडर्माचं नाव नाही, हे खरं. पण आखडलेले सांधे ‘अस्थिव्यंग’ या प्रकारात मोजले जातात. फॉर्ममध्ये तोच प्रकार निवडा.

दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते ती सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि हाताची पकड यांवरून. पालकांची फाइल मात्र रक्ततपासण्या आणि बायोप्सीच्या रिपोर्टांनी भरलेली. हालचालीची नोंद बहुतेकांकडे नसतेच! कोणता सांधा किती अंश हलतो, मूठ किती वळते, पेन धरता येतं का, हे संधिवाततज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून तारीख, सही, शिक्क्यासह लिहून घ्या.

बाकी अर्ज सोपा: स्वावलंबन पोर्टल (अर्जाचं सरकारी संकेतस्थळ), आधार, रहिवासी पुरावा, फोटो. सगळीकडे नाव एकसारखं हवं. आणखी एक, राहत्या जिल्ह्यातच तपासणी व्हायला हवी असं नाही. मूल लातूरचं आणि उपचार मुंबईच्या सरकारी रुग्णालयात असतील, तर अर्ज तिथेही करता येतो.

आजार बदलू शकतो म्हणून प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचं मिळतं. त्यावरची तारीख आजच बघून ठेवा. ऐन दहावीच्या फॉर्मच्या वेळी मुदत संपल्याचं कळलं, तर धावपळ मुलालाच भोवते.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील कसलं करणार?

टक्केवारी ४० च्या खाली आली तर बऱ्याच सवलती जातात, पण परीक्षेत मुलाच्या वतीने लिहिणारा लेखनिक मागणं सोडू नका. केवळ ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. लिहिताना अडचण येते असं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मात्र लागेल. ते परीक्षेच्या बरंच आधी शाळेत द्या आणि पोच घ्या.