मुलींची शाळा, गावाची देखरेख आणि मोबाइल

बांगलादेशाने १९९४ मध्ये ग्रामीण माध्यमिक शाळांतल्या मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केले. शाहरस्ती उपजिल्ह्यात त्याचा प्रयोग १९८२ पासूनच चालू होता. अटी तीन होत्या: हजेरी किमान ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि शालान्त परीक्षा होईपर्यंत लग्न नाही. गुणांचे सोडा, पण कोणती मुलगी रोज शाळेत जाते आणि कोणाच्या घरी लग्नाची बोलणी चालली आहेत, हे गावात कोणालाही ठाऊक असते. तरीही योजनेच्या हिशेबात खरे ठरत होते ते कागदावरचे, आणि तो कागद शाळेच्या कपाटात असायचा. ज्यांना माहीत आहे त्यांना कोणी विचारत नाही आणि ज्याला विचारले जाते त्याला सोयीचे उत्तर देता येते. मोबाइल फोनवरून देखरेख करण्याचे जे प्रयत्न पुढे झाले, ते सगळे या दुखण्यावरचे उपाय म्हणून पाहावे लागतात.

मुलींचे शिक्षण जागतिक कार्यक्रमपत्रिकेवर आले ते थायलंडमधल्या जॉम्तिएन येथील १९९० च्या परिषदेपासून. पुढे २००० साली सेनेगलमधल्या डकारला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मुलींच्या शिक्षणासाठी स्वतंत्र उपक्रम जाहीर केला. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या मुलामुलींच्या संख्येतला फरक शक्यतो २००५ पर्यंत मिटवायचा, असे ठरले. ती मुदत टळून गेली.

दुसरा धागा पैशाच्या हिशेबाचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. युगांडात २५० शाळांची पाहणी झाली, तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठीच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के पैसे शाळेपर्यंत पोचल्याचे दिसले. बहुतेक शाळांच्या हाती काहीच पडले नव्हते. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतींवर लावायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याचे श्रेय वर्तमानपत्रांना किती आणि इतर सुधारणांना किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद झाला, पण आकडा उघड्यावर आणण्याची ताकद सगळ्यांना कळली. त्याच सुमारास, डिसेंबर १९९४ मध्ये, राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. मजुरीची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली आणि खोटी नावे लोकांनी तिथेच ओळखली. मलावीत ‘केअर’ या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांनीच सेवांना गुण देण्याची पद्धत बसवली. यांतल्या कशातही मोबाइल नव्हता, पण सामूहिक देखरेखीचे सगळे तत्त्व त्यात आले होते.

उपकरण आले ते आधी कॅमेऱ्याच्या रूपाने. उदयपूर परिसरात सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत २००३ पासून एक प्रयोग झाला. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी शिक्षकाचा मुलांसोबत फोटो काढायचा, फोटोवर तारीख-वेळ आपोआप उमटायची आणि पगार त्या दिवसांवर ठरायचा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. फोटो काढायचा तो वर्गातल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

पहिला एसएमएस १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये गेला आणि दहा-पंधरा वर्षांत ते गरीब देशांतले सर्वांत स्वस्त टपाल झाले. केन बँक्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या फ्रंटलाइनएसएमएस या संगणक-प्रणालीमुळे एक लॅपटॉप आणि एक फोन एवढ्यावर, इंटरनेटशिवाय, शेकडो लोकांना संदेश पाठवता येऊ लागले आणि त्यांची उत्तरे गोळा करता येऊ लागली. केनियात निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात, २००८ च्या जानेवारीत, उशाहिदी हे संकेतस्थळ उभे राहिले. लोकांनी पाठवलेल्या बातम्या नकाशावर मांडता येतात हे त्याने दाखवले. युनिसेफने युगांडात २०११ मध्ये यू-रिपोर्ट सुरू करून तरुणांना एसएमएसने प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिथल्याच एज्युट्रॅक या योजनेत शाळांकडून ठरावीक प्रश्नांची उत्तरे एसएमएसने मागवली जात: मुली किती आल्या, मुलगे किती, शिक्षक किती. तिमाहीच्या अहवालाची वाट पाहायची गरज उरली नाही.

पण हे उत्तर कोण देतो? उत्तर प्रदेशात २०१० च्या सुमारास माध्यान्ह भोजनासाठी संगणकीय फोन सुरू झाला: रोज शाळेत फोन वाजे आणि शिक्षक जेवलेल्या मुलांचा आकडा बटणे दाबून कळवी. यंत्रणा म्हणून ती उत्तम होती, पण ज्याच्यावर देखरेख करायची तोच त्यात आकडा सांगत होता. त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले होते. त्या समितीतल्या आयांकडे फोन गेला असता, तर जेवण कसे होते हेही कळले असते.

आयांपर्यंत पोचण्यात लिपीचीही अडचण होती. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरी किंवा बंगालीत ७०. आणि जिला लिहिता-वाचताच येत नाही, तिला दोन्ही सारखेच. म्हणून छत्तीसगडमध्ये २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेले सीजीनेट स्वर मला या इतिहासातले खरे वळण वाटते. साध्या फोनवरून, आपल्या भाषेत, गोंडीतसुद्धा, तक्रार बोलून नोंदवायची आणि इतरांनी ती फोनवरच ऐकायची. वेतन, रेशन, न येणारे शिक्षक, सगळे त्यात येई. नायजरमध्ये प्रौढ साक्षरता वर्गांवर जेनी एकर आणि क्रिस्टोफर क्सोल यांनी केलेला अभ्यासही आवाजाचाच. दर आठवड्याला गावप्रमुख, शिक्षक आणि विद्यार्थी यांना फोन करून वर्ग झाला का, एवढे विचारायचे. बक्षीस नाही, शिक्षा नाही. तरी विद्यार्थ्यांचे गुण वाढले.

सगळीकडे असे घडले नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेबरोबर झालेल्या अभ्यासात गावसभा घेतल्या, शिक्षण समितीचे अधिकार समजावले, मुलांना वाचता येते का ते गावकऱ्यांनीच तपासले. सरकारी शाळेत फरक पडला नाही. गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, तिथे मात्र मुले वाचायला लागली. माहिती मिळाली म्हणजे लोक दाद मागतील आणि दाद मागितली म्हणजे ती मिळेल, या दोन्ही गृहीतकांना त्यातून धक्का बसला. ज्या तक्रारीला उत्तर येत नाही ती लोक पुन्हा करत नाहीत, मग फोन कितीही स्वस्त असो.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आड येतात. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रीकडे स्वतःचा फोन असण्याची शक्यता पुरुषापेक्षा २१ टक्के कमी होती. म्हणजे ‘गावाने कळवले’ असे लिहिताना बऱ्याचदा ते गावातल्या पुरुषांनी कळवलेले असते. शाळेत स्वच्छतागृहाचे दार मोडले आहे, वाटेवर मुले छेड काढतात, शिक्षकाचे वागणे बरे नाही, या गोष्टी बापाच्या किंवा भावाच्या फोनवरून कोणती मुलगी सांगेल?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टांझानियात गरोदर मुलींना शाळेतून काढले जाई आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत त्यांना सरकारी शाळेत परत येऊ दिले जात नव्हते. अशा ठिकाणी ‘मुलगी शाळेत का येत नाही’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तिच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते. एसएमएस दुसऱ्याला सहज वाचता येतो, फोन घरभर फिरतो आणि लहान गावात नाव न लिहिताही मुलगी ओळखू येते. देखरेख शाळेवर हवी, मुलीवर नव्हे. म्हणून प्रश्न ठरवताना मुलीचे नाव, गैरहजेरीचे कारण, लग्नाची शक्यता यांची नोंद कोण ठेवणार आणि ती कोणाला दिसणार, हे आधी ठरायला हवे. बहुतेक आराखड्यांत ते शेवटी येते.

साथीच्या काळात, २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि हजेरीपटच थांबला. १ कोटी १० लाखांहून अधिक मुली कदाचित शाळेत परतणार नाहीत, असा युनेस्कोचा अंदाज होता. कोणाचे लग्न ठरले, कोण कामाला लागली, कोण आजारी बहिणीसाठी घरी राहिली, हे तेव्हा कोणत्याही कार्यालयातल्या संगणकावर दिसत नव्हते. शेजारच्या घरातल्या बाईला ते माहीत होते, आणि तिला फोन करून विचारता आले असते.